अर्पणपत्रिकेतलं नाव

“हे इनामदार सर तुझे कोण?” इंदुताईंनी विचारलं.

माझं हस्तलिखित त्यांच्या मांडीवर होतं. आठवडाभर त्यांनी ते घरी ठेवून घेतलं होतं आणि आज मला निरोप धाडून मिरजेला बोलावलं होतं. कवितांबद्दल काही बरंवाईट बोलतील म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. त्यांनी मात्र पहिलंच पान उघडून त्यावर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, ‘प्रा. प्रभाकर इनामदार यांस, ज्यांनी माझी कविता पहिल्यांदा चारचौघांत वाचली.’

“कॉलेजात मराठी शिकवायचे आम्हाला,” मी म्हणाले.

“म्हणजे गुरू.”

“गुरूच म्हणायचं.”

इंदुताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. त्यांना माझा सूर खटकला असावा.

मिरजेत त्यांचे यजमान तंबोरे बनवायचे. ते गेल्यावर इंदुताईंनी त्याच दुकानात कवितांची पुस्तकं काढायला सुरुवात केली आणि नाव ठेवलं ‘खुंटी प्रकाशन’. वर्षाकाठी दोन, फार तर तीन पुस्तकं. भिंतीला अजून वाळके भोपळे टांगलेले होते आणि खोलीला लाखेचा वास यायचा. दुकान एवढंसं, पण तिथून निघालेल्या पुस्तकाला मान होता. इंदुताईंना कविता आवडली नाही तर त्या तोंडावर सांगायच्या, आणि आवडली तर कवीच्या खिशाला हात लावायच्या नाहीत. पुण्याच्या दोन प्रकाशकांनी मला गोड बोलून वाटेला लावल्यावर मी त्यांच्याकडे आले होते.

“कविता चांगल्या आहेत,” त्या शेवटी म्हणाल्या. “सात-आठ काढू. बाकी छापते मी. पण आमचा एक नियम आहे, तो तुला पाळावा लागेल.”

नियम त्यांनी सविस्तर सांगितला. मागे एका मुलाने आपला संग्रह मामाला अर्पण केला होता. मामांनी प्रकाशनाला डोळे पुसले, भाषण ठोकलं. वर्षभराने इंदुताई त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेल्या, तर पुस्तक मिक्सरखाली, डुगडुगू नये म्हणून. छापखान्यातून जोडून आलेली पानं सुटी केलेलीसुद्धा नव्हती. तेव्हापासून इंदुताईंनी ठरवून टाकलं होतं. ज्याला पुस्तक अर्पण करायचं, त्याच्या घरी त्या कवीला घेऊन जायच्या. त्या माणसाने पुस्तकातली एक कविता, इंदुताई काढून देतील ती, कवीसमोर मोठ्याने शेवटपर्यंत वाचायची. मग त्याचा होकार घ्यायचा. वाचली नाही किंवा नको म्हणाला, तर नाव कटाप.

सरांसमोर जाऊन बसायचं मी ठरवलं नव्हतं. पुस्तक छापून झाल्यावर त्यांना बाहेरून कळावं, एवढंच ठरवलं होतं.

“आणि सर नाही म्हणाले तर?”

“तर ते पान कोरं ठेवू. बिघडलं कुठे?”

“नाव नसेल तर मला पुस्तकही नको,” मी म्हणाले.

इंदुताईंनी हस्तलिखिताच्या कडा सारख्या केल्या आणि रविवारी सकाळी सांगलीच्या स्टँडवर भेटायला सांगितलं.

मला त्या माणसाचा सूड घ्यायचा होता, हे इथेच सांगून टाकते. आडपडदा ठेवून काय करायचंय? त्या संग्रहात मधोमध एक कविता होती. त्यात सरांनी केलं ते सगळं होतं, फक्त नाव नव्हतं. नाव पहिल्या पानावर होतं. दोन्ही पानं वाचणाऱ्याला दोन आणि दोन चार करायला वेळ लागला नसता. आणि वाचणारे होते. जिल्ह्यात कुठेही साहित्याचा मांडव पडला की अध्यक्ष म्हणून इनामदार सरच असायचे. त्या मांडवातल्या लोकांनी त्यांच्याकडे बघून कुजबुजावं, एवढ्यासाठी मी बावीस वर्षं कविता घोटत बसले होते. त्यांनी काय केलं होतं ते पुढे येईलच, आणि त्यांच्याच तोंडून येईल.

विश्रामबागेत त्यांचा बंगला होता. निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली होती. केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच, भरदार, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मी वाकून नमस्कार केला. माझी मान वाकत नव्हती, तरी वाकवली. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखतील कसे? हस्तलिखितावर नाव होतं शालन मगदूम. त्यांच्या वर्गात होती ती शालन खोत.

इंदुताईंनी येण्याचं कारण सांगितलं. सर खुलले. अर्पणपत्रिकेची ओळ त्यांनी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने, स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशी. कोणत्या सालची बॅच, म्हणून विचारलं. मी दोन वर्षं पुढची बॅच सांगितली. ते म्हणाले, हो हो, आठवतंय, पुढे बसायचीस. मी कायम शेवटच्या बाकावर बसायचे.

त्यांच्या बाई पाणी घेऊन आल्या. सरोजिनीबाई. ठेंगण्या, नऊवारी नेसलेल्या, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी ठेवलेलं हसू. चहाचं विचारताना त्या म्हणाल्या, “दूध तापूलंय, जरा थांबायचं.”

“ऐकलंत?” सर लगेच आमच्याकडे वळले. “तापूलंय! आमची बेळगावकरीण. लग्न होऊन पन्नास वर्षं होत आली, पण दूध अजून तापूलंयच.” आणि मग त्यांनी बाईंची अख्खी नक्कल करून दाखवली. पदर सावरणं, मान हलवणं, हेल काढणं. नक्कल बेमालूम होती. बाई हसल्या. अगदी वेळेवर हसल्या, आणि आत गेल्या.

माझ्या हातातलं पाणी मी तसंच खाली ठेवलं. ही कला मला ठाऊक होती.

चहा आला. इंदुताईंनी सहज म्हणून विचारलं की विद्यार्थ्यांच्या कविता तुमच्याकडे पुष्कळ येत असतील. झालं. सरांनी कप बशीत ठेवला, खुर्चीत पुढे सरकले.

“तुम्हाला एक गंमत सांगतो. कॉलेजच्या वार्षिक अंकाचा मी संपादक. मुलांना आवाहन केलं, कविता द्या. तर तासगावकडची एक खेडवळ पोरगी, वर्षभर तोंडातून शब्द नाही, एक दिवस माझ्या टेबलावर कागद ठेवून पळाली. बघतो तो काय, प्रेमकविता! मी म्हटलं, हिचा सत्कार झाला पाहिजे. गेलो वर्गात आणि वाचली. अशी.”

सर उठून उभे राहिले. खांदे आत घेतले, उपरण्याचं टोक पदरासारखं दातांत धरलं, आणि बारीक, चिरका आवाज काढला.

“‘तू हापसा मारीत हुतास. माजी घागर कवाच भरली हुती. तरी बी म्या पुरे म्हनले न्हाई.’”

आतून बाईंचं हसू आलं. तेही वेळेवर.

“पोरं बाकं बडवायला लागली. मी तिला उभी केली. म्हटलं, बाई गं, हा हापसेवाला कोण ते तरी सांग, त्यालाही अंकात घेऊ. काय विचारता! महिनाभर कॉलेजात कुणी कुणाला पाणी दिलं तरी समोरचा म्हणायचा, ‘पुरे म्हनले न्हाई.’ ती पोरगी काही परत आली नाही. म्हणजे बघा, मराठी साहित्याला मी एका कवयित्रीपासून वाचवलंय. माझे उपकार आहेत.”

ते हसत खाली बसले. ही गंमत त्यांनी किती जणांना सांगितली असेल! शब्द झिजून गुळगुळीत झाले होते. कुठे थांबायचं, कुठे हात उडवायचा, सगळं ठरलेलं होतं.

मी ती कविता स्वच्छ पुस्तकी मराठीत लिहिली होती. गावरान हेल त्यांनी लावला होता. आणि मी परत का आले नाही, ते त्यांनी कधी विचारलं नाही. माझा चुलतभाऊ बाळू त्याच वर्गात होता. त्याने संध्याकाळच्या एस्टीने बातमी गावात नेली. वडिलांनी मला मारलं नाही, विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरून निघाले तर दारात आडवे बसले होते. आमच्या आळीत हापसा एकच, आणि तिथे पाणी भरायला येणारा पोरगा सुताराचा. त्याला आठ दिवसांत मामाकडे धाडून दिलं. आखाड लागायच्या आत माझं लग्न झालं. नवरा चांगला निघाला, पण तो काही सरांचा उपकार नव्हे.

मी इंदुताईंकडे पाहिलं. त्यांचा कप अर्ध्यावर थांबला होता. त्यांनी आठवडाभर ते हस्तलिखित वाचलं होतं. हापशाच्या त्या तीन ओळी कुठल्या पानावर आहेत ते त्यांना ठाऊक होतं. कप खाली ठेवून त्यांनी हस्तलिखित उघडलं आणि सरांच्या हातात दिलं.

“सर, आमचा नियम. ही एक वाचायची.”

सरांनी चष्मा चढवला, घसा साफ केला. बाई चहाचे कप न्यायला बाहेर आल्या होत्या, त्या दाराशीच थांबल्या. सरांना श्रोते वाढलेले आवडले.

“‘तू हापसा मारत होतास,’” त्यांनी भरदार आवाजात सुरुवात केली, “‘माझी घागर...’”

आणि थांबले. ओठ हलले, पुढची ओळ त्यांनी मनात वाचली. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

“खोत,” ते म्हणाले. “शालन खोत.”

म्हणजे नाव त्यांना पाठ होतं. मला वाटत होतं, विसरले असतील. विसरले असते तर मी कदाचित थोडी निवळले असते.

“पुढे वाचा, सर,” मी म्हणाले. “त्या दिवशी थांबला नव्हतात.”

त्यांनी कागद टीपॉयवर ठेवले. म्हणाले, अहो, ती मस्करी होती, वर्गात थोडा विनोद लागतो, मुलं झोपतात नाहीतर. मग मला म्हणाले की तू एवढं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं, एक कविता हसण्यावारी गेली तर दुसरी द्यायची. मग त्यांचा सूर बदलला. ते इंदुताईंकडे वळले आणि संपादकासारखे बोलले.

“माझी संमती नाही. माझं नाव या पुस्तकात येता कामा नये. तुमचाच नियम आहे ना?”

“आहे,” इंदुताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. “नाही म्हणालात तर नाव जाईल.”

रागाने माझे कान तापले. बावीस वर्षांनी मी पुन्हा त्यांच्या टेबलावर कागद ठेवला होता, आणि पुन्हा तेच ठरवणार होते त्याचं काय करायचं ते. इंदुताईंचाही राग आला. असला कसला नियम, जो चोराला विचारतो, तुला धरू का म्हणून? मी उठले, हस्तलिखित घ्यायला हात पुढे केला. घरी नेऊन चुलीत घालणार होते, खरंच सांगते. सूड नाही तर कविताही नको, अशा मनःस्थितीत मी होते.

“इकडे द्या बघू,” सरोजिनीबाई म्हणाल्या.

त्यांनी हात पदराला पुसले आणि टीपॉयवरचे कागद उचलले. उभ्या उभ्याच वाचायला लागल्या. मोठ्याने, बेळगावी हेलात, लहान मुलीने धडा वाचावा तसं एकेक शब्द धरून. हापशाच्या ओळी झाल्या. मग पुढच्या आल्या, त्या मी लग्नानंतर लिहिल्या होत्या.

“‘वर्गात कुणीतरी माझा आवाज काढला,
माझ्याच देखत.
सगळे हसले.
मीही थोडी हसले,
वाईट दिसू नये म्हणून.’”

बाई तिथे अडल्या. शेवटच्या दोन ओळी त्यांनी परत वाचल्या, यावेळी हळू. सर म्हणाले, सरोज, राहू दे ते. त्यांनी ऐकलं नाही.

“‘घागर तिथेच फुटली.
एवढ्या हसण्यात
फुटल्याचा आवाज
कुणाला ऐकू जायचा.’”

“ती हीच काय?” त्यांनी इंदुताईंना विचारलं. माझ्याकडे बोट नव्हतं, पण मान माझ्याकडे वळली होती.

“हीच.”

“पानावर एक नाव लागतंय ना तुमच्या? माझं घाला.”

“सरोज, तुला काय कळतंय त्यातलं?” सर म्हणाले. “हा वाङ्मयाचा विषय आहे.”

“मला कळतंय की,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “ही गंमत मी किती वेळा ऐकली असेन? दर वेळी हसले. आत भांडी घासत असले तरी हसले. तुम्ही मागून विचारायचात, ऐकू गेलं नाही काय तुला? पाहुण्यांसमोर वाईट दिसायला नको म्हणून हसले. माझीच नक्कल केलीत तेव्हाही हसले. मला नाही कळायचं तर कुणाला?” आणि इंदुताईंना म्हणाल्या, “वाचली मी. शेवटपर्यंत. नियम पुरा झाला काय?”

“झाला,” इंदुताई म्हणाल्या.

“मग लिहून घ्या. सौ. सरोजिनी प्रभाकर इनामदार. पुरं नाव घालायचं. मधलं गाळायचं नाही.”

सरांना कळायला क्षणभर लागला. मग ते उभेच राहिले. म्हणाले, माझ्या नावाला मी संमती दिलेली नाही.

“तुमचं नाव कुठे घातलंय?” इंदुताईंनी पिशवीतून पेन काढत शांतपणे विचारलं. “हे बाईंचं नाव आहे, सर. लग्नात दिलंय तुम्ही त्यांना.”

त्यांनी माझी ओळ खोडली आणि नवी लिहिली, ‘सौ. सरोजिनी प्रभाकर इनामदार यांस, ज्यांनी ही कविता शेवटपर्यंत वाचली.’ बाईंना दाखवली. बाईंनी वाचली, मान डोलावली, आणि कप गोळा करून आत गेल्या. सर खुर्चीत बसले होते आणि उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होते. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही.

परतताना एस्टीत इंदुताईंनी विचारलं, “झालं समाधान?”

“अर्धं,” मी म्हणाले. खरं तर मला चुटपुट लागली होती. इतकी वर्षं पोसलेला माझा सूड एका बाईने हात पुसून सहज उचलून नेला होता. मी नुसती बघत राहिले होते. त्यात पुन्हा त्या बाईंना वाचता वाचता स्वतःचंच हसणं दिसलं, त्यासाठी तर मी ते लिहिलंच नव्हतं. इंदुताईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, पुस्तक बाहेर येऊ दे, मग बघू कुणाचं किती झालं ते.

पुस्तक दिवाळीच्या सुमारास आलं. लोकांनी करायची ती बेरीज केली. त्या वर्षी कवठ्याच्या संमेलनाला अध्यक्ष दुसरेच होते. मला कळवणाऱ्यांनी मुद्दाम फोन करून कळवलं, आणि मी प्रत्येकाकडून ते पहिल्यांदाच ऐकतेय अशा थाटात ऐकून घेतलं.

सरोजिनीबाईंनी इंदुताईंकडून जास्तीच्या प्रती मागवून घेतल्या होत्या. माघात एक दिवस दुपारी त्यांचा मला फोन आला. इकडचं तिकडचं विचारलं, मुलं काय करतात, ऊस कारखान्याला गेला काय. मग म्हणाल्या, “काल बेळगावहून आमचे भाऊ आले होते. चहा झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, ती हापशाची गंमत सांगा की. गप्प बसले. मग पुस्तक दिलं हातात. म्हटलं, गंमत नको तर वाचून तरी दाखवा.”

“वाचली?” मी विचारलं.

“वाचली. पुरी.”

“माझा आवाज काढून?”

“नाही हो. स्वतःच्या आवाजात. फार थकलाय त्यांचा आवाज. मध्येच कापत होता. मला बाई कसंतरीच झालं ऐकताना.”

मी रिसीव्हर कानाला धरून उभी होते. माझ्याही मनात काहीतरी हलेल म्हणून मी वाट पाहिली. चांगली वाट पाहिली. काही हललं नाही.

“बाई,” मी विचारलं, “पुढचे पाहुणे कधी येणार आहेत?”